गादमाशीची गुणसूत्रे आणि तिच्या अंड्यातले पहिले काही तास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे प्राणिशास्त्राचे विद्यार्थी, काही शिक्षक आणि अधूनमधून ज्वारी किंवा अळिंबी पिकवणारे शेतकरी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरे सारख्या लांबीची नाहीत. जिथे विषय खोल आहे तिथे मी जास्त थांबले आहे. बारावीपर्यंतचे जीवशास्त्र वाचकाला आठवते, एवढे गृहीत धरले आहे.

गादमाशी म्हणजे नेमकी कोणती माशी? खानदेशात ती कुठे दिसते?

सेसिडोमायिडी या कुळातली. दोन-तीन मिलिमीटरची, नाजूक, लांब पायांची, पंखांवर मोजक्याच शिरा असलेली. जगात या कुळाच्या सहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. बऱ्याच जातींच्या अळ्या झाडाच्या पेशींना भलत्याच दिशेने वाढायला लावतात आणि तिथे गाठ तयार होते. पण सगळ्याच गाठी करत नाहीत. काही बुरशीवर जगतात, काही माव्यावर तुटून पडतात.

आपल्याकडे सगळ्यात ओळखीची म्हणजे ज्वारीची मिजमाशी. कणीस फुलोऱ्यात आले की मादी फुलात अंडी घालते, अळी कोवळा बीजांडकोष शोषते आणि तो दाणा भरतच नाही. खरिपाची ज्वारी उशिरा पेरली की अर्धे कणीस पोचट निघते, त्यामागे अनेकदा हीच असते. सातपुड्यातल्या आंब्यांच्या पानांवर बारीक पुरळासारख्या गाठी दिसतात, त्याही बहुधा याच कुळातल्या माश्यांच्या. तिळाच्या बोंडात एक जात आढळते. भाताची गादमाशी पोंग्याची चंदेरी नळी करून टाकते; नवापूरकडचे भातवाले तिच्याबद्दल विचारतात.

करंजाच्या पानांवरच्या गाठी मात्र माशीच्या नाहीत. त्या अतिसूक्ष्म कोळ्यांच्या असतात. विद्यार्थी दरवर्षी त्याच आणून देतात, म्हणून हे आवर्जून सांगते.

या माश्यांच्या गुणसूत्रांत एवढे वेगळे काय आहे?

तीन गोष्टी. भ्रूण अगदी लहान असतानाच शरीराच्या पेशी आपली बहुतेक गुणसूत्रे टाकून देतात; ती फक्त पुढे अंडी आणि शुक्राणू बनवणाऱ्या पेशींत उरतात. दुसरे, नर आपल्या बापाकडून आलेली गुणसूत्रे पुढच्या पिढीला देत नाही. तिसरे, मुलगा होणार की मुलगी हे शुक्राणूवर ठरत नाही, आईवर ठरते. यातली एकेक गोष्ट इतर प्राण्यांतही सापडते. तिन्ही एकाच किड्यात पाहायला मिळणे दुर्मीळ.

पण शरीरातल्या सगळ्या पेशींत सारखीच गुणसूत्रे असतात, असे पुस्तकात लिहिले आहे. ते चूक का?

बहुतेक प्राण्यांसाठी ते बरोबर आहे. फळमाशीच्या शरीरपेशीत आठ गुणसूत्रे आणि तिच्या जननपेशींच्या मूळ पेशीतही आठच. अपवाद मात्र फार जुन्या काळापासून माहीत आहे. थिओडोर बोव्हेरी यांनी १८८७ मध्ये घोड्याच्या आतड्यातल्या गोलकृमीत पाहिले, की भ्रूणाच्या शरीरपेशी गुणसूत्रांचे तुकडे टाकून देतात आणि जननपेशींच्या वाटेवरच्या पेशी ती अखंड ठेवतात. गादमाश्या त्याच्याही पुढे जातात. तुकडे टाकत नाहीत, अख्खी गुणसूत्रेच टाकतात.

प्रत्यक्ष किती गुणसूत्रे जातात, आणि कधी?

सगळ्यात नीट अभ्यासलेली जात म्हणजे हेसियन माशी, मेयेटिओला डिस्ट्रक्टर. ही गव्हाची कीड, अमेरिका-युरोपकडची. आपल्या शिवारात ती शोधू नका. तिच्या जननपेशींत सुमारे ४० गुणसूत्रे असतात. शरीरपेशींत मादीला ८ आणि नराला ६. म्हणजे तीसहून अधिक गुणसूत्रे शरीरात कुठेच नसतात. शरीरात टिकणाऱ्यांना एस म्हणतात आणि टाकल्या जाणाऱ्यांना ई.

अंड्यात घडते ते असे. फलनानंतर केंद्रक दुभंगत जातात, पण मध्ये पेशींच्या भिंती उभ्या राहत नाहीत. एकाच पेशीद्रव्यात अनेक केंद्रके तरंगत असतात. चौथे विभाजन संपते तेव्हा १६ केंद्रके झालेली असतात आणि प्रत्येकात पूर्ण संच असतो. त्यातली दोन अंड्याच्या मागच्या टोकाला पोचतात. तिथल्या पेशीद्रव्यात विशिष्ट कण असतात, त्याला ध्रुवद्रव्य म्हणू. ही दोन केंद्रके तिथे वेगळ्या पेशींत, म्हणजे पुढे जननपेशी होणाऱ्या ध्रुवपेशींत, बंद होतात आणि पाचव्या विभाजनात भागच घेत नाहीत.

उरलेली १४ केंद्रके पाचवे विभाजन सुरू करतात. तर्कू तयार होतो, सगळी गुणसूत्रे मध्यरेषेवर येतात. एस गुणसूत्रांच्या जुळ्या पट्ट्या सुटतात आणि दोन टोकांकडे सरकतात. ई गुणसूत्रे मात्र मध्यरेषेवरच अडकून राहतात. एस भोवती नवे केंद्रकपटल बनते, ई बाहेर पेशीद्रव्यात राहतात आणि विरघळून जातात. एका विभाजनात खेळ आटोपतो.

हे चित्र मी वर्गात काढते तेव्हा मुले पहिल्यांदा विचारतात की हा विभाजनातला बिघाड तर नाही. बिघाड असता तर प्रत्येक अंड्यात वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळी गुणसूत्रे गेली असती. इथे ठरलेल्या विभाजनाला ठरलेलीच जातात.

मागच्या टोकाचे पेशीद्रव्य गुणसूत्रे वाचवते, हे सिद्ध कसे केले?

माझ्या मते या विषयातले सगळ्यात देखणे काम हेच. १९५० च्या दशकाच्या शेवटी पोलंडच्या गेयर-दुशिंस्का यांनी वाख्टलिएला नावाच्या गादमाशीवर प्रयोग केले आणि पुढे सी. आर. बँटॉक यांनी हेसियन माशीवर. कल्पना साधी होती. केंद्रके मागच्या टोकाला पोचण्याआधीच अंडे मध्ये बारीक आवळायचे, म्हणजे एकही केंद्रक वेळेत ध्रुवद्रव्यात जाऊ शकत नाही.

अशा अंड्यात सगळ्याच केंद्रकांनी ई गुणसूत्रे टाकली. विभाजन उरकल्यावर आवळ सोडली तर केंद्रके मागच्या टोकाला गेली, तिथे ध्रुवपेशीही बनल्या, पण त्यांच्यात आता फक्त आठ गुणसूत्रे होती. अंड्यातून अळी निघाली, माशीही झाली. ती माशी वांझ होती. जननग्रंथी होत्या, त्यांत जननपेशी तयार झाल्या नाहीत.

यातून दोन निष्कर्ष एकदम निघतात. एक, १६ केंद्रकांत मुळात काहीच फरक नसतो. कोण कुठे पोचले यावर त्याचे भविष्य ठरते. दोन, ई गुणसूत्रांवाचून शरीराचे काही अडत नाही, पण वंश पुढे जात नाही. हे प्रयोग जिवंत अंड्यावर, सूक्ष्मदर्शकाखाली, आजची कोणतीही रेणवीय साधने नसताना झाले आहेत. एमएस्सीच्या मुलांना मी सांगते की क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राची माहिती घ्या, पण आधी बँटॉकचा प्रयोग स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.

मग ई गुणसूत्रे करतात तरी काय?

जननपेशी घडवायला ती लागतात, हे वरच्या प्रयोगांतून दिसतेच. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरणारी जुनी माणसे चांगली कणसे वेगळी काढून बियाण्यासाठी टांगून ठेवतात आणि बाकीची ज्वारी घरात खाल्ली जाते. ई गुणसूत्रांचे तसेच आहे, रोजच्या शरीरव्यवहारात ती नाहीत, पुढच्या हंगामासाठी राखलेली आहेत. ती मिळतात फक्त आईकडून. हेसियन माशीचा शुक्राणू एकही ई गुणसूत्र घेऊन येत नाही.

नर बापाची गुणसूत्रे पुढे देत नाही, म्हणजे काय?

नराच्या शरीरपेशींत आईची आणि बापाची, दोघांचीही साधी (लिंग न ठरवणारी) गुणसूत्रे असतात. त्याचे पंख, पाय, डोळे दोघांच्या जनुकांवर घडतात. अडचण शुक्राणू बनताना येते. नेहमीच्या अर्धसूत्री विभाजनात जोड्या जमतात, देवाणघेवाण होते आणि वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते. इथे यातले काहीच घडत नाही. तर्कूला नीट दोन टोकेच नसतात. आईकडून आलेला एस संच एका बाजूला जातो. बापाचा संच आणि सगळी ई गुणसूत्रे दुसरीकडे राहतात आणि त्या भागातून शुक्राणू बनत नाही.

घरातल्या नात्यांत मांडू. एक नर घ्या. त्याला मुलगी झाली. तिला त्याच्याकडून जे मिळाले ते सगळे त्याच्या आईचे, म्हणजे त्या मुलीच्या आजीचे. वडिलांच्या वडिलांचे, म्हणजे आजोबांचे, तिच्यात काहीही नाही. आजोबांचा वंश मुलाच्या शरीरात एक पिढी जगला आणि तिथेच थांबला. मुलीच्या बाबतीत असे नाही. मादी आपल्या आई-बापाचे दोन्ही संच नेहमीसारखे मिसळून पुढे देते.

म्हणून एका नराचे सगळे शुक्राणू जनुकीयदृष्ट्या सारखे असतात. देवाणघेवाणच झाली नाही, तर फरक येणार कुठून? गव्हाच्या प्रतिकारक वाणांवर मात करणारी जनुके माशीत कशी पसरतात याचा हिशेब मांडताना हे विसरले तर आकडे साफ चुकतात.

एका आईला सगळ्या मुलीच किंवा सगळे मुलगेच होतात, हे खरे का?

हेसियन माशीत बहुतांशी खरे, थोडे मिश्र कुटुंबही सापडते. माव्याच्या नियंत्रणासाठी हरितगृहांत सोडल्या जाणाऱ्या ॲफिडोलेटिस या गादमाशीतही असेच असते.

प्रत्येक शुक्राणू सारखा, त्यात एक्स१ आणि एक्स२ ही दोन्ही लिंग-गुणसूत्रे असतात. म्हणजे सुरुवातीला प्रत्येक भ्रूण मादीसारखाच असतो. ज्या भ्रूणातून नर व्हायचा, तो बापाकडून आलेली एक्स१ आणि एक्स२ टाकून देतो. आठाची सहा होतात. टाकायची की ठेवायची हे अंड्यात आईने आधीच ठेवलेल्या द्रव्यांवर ठरते. २०१० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवले, की मुली जन्माला घालणाऱ्या माद्यांत पहिल्या साध्या गुणसूत्राची एक प्रत उलटापालट झालेली असते आणि ती आईकडून मुलीकडेच जात राहते. जे गुणसूत्र लिंगाचे मानलेच जात नव्हते, ते लिंग ठरवायला लागले आहे.

अळिंबीच्या शेडमध्ये काळ्या बारीक माश्या होतात. त्याही गादमाश्याच का?

बहुधा नाहीत. धिंगरीच्या पिशव्यांवर किंवा केळीची ऊतिसंवर्धित रोपे ठेवलेल्या शेडनेटमधल्या ओल्या कोकोपीटवर उडणाऱ्या काळसर माश्या सायरिडी कुळातल्या असतात, बऱ्याचदा ब्रॅडिसिया वंशाच्या. गादमाश्यांची ही चुलत भावंडे. गुणसूत्रांच्या अभ्यासात त्यांचे नाव गादमाश्यांपेक्षाही मोठे आहे.

चार्ल्स मेट्झ यांनी १९२० च्या दशकापासून अमेरिकेत याच कुळातल्या सायरा नावाच्या माशीची गुणसूत्रे तपासली. आज या जातीला ब्रॅडिसिया कोप्रोफिला म्हणतात. इथे शुक्राणू दोन एक्स घेऊन येतो आणि अंडे एक, म्हणून युग्मनजात तीन एक्स असतात. मुलगी व्हायची असेल तर बापाचा एक एक्स टाकला जातो, मुलगा व्हायचा असेल तर बापाचे दोन्ही. हे सातव्या ते नवव्या विभाजनाच्या दरम्यान घडते. आईचा एक्स कधीच जात नाही.

एकाच पेशीत तीन एक्स, दिसायला सारखे, डीएनए सारखा. पेशीला बापाचा ओळखू कसा येतो? मेट्झ यांचे काम पुढे नेणाऱ्या हेलन क्राउझ यांनी १९६० मध्ये याचे उत्तर मांडले: गुणसूत्र ज्या पालकातून आले, त्याचा ठसा त्यावर उमटलेला असतो आणि तो पुढच्या पिढीत पुसून नव्याने उमटतो. गुणसूत्रांच्या संदर्भात इम्प्रिंटिंग हा शब्द त्यांनीच रूढ केला. पुढे सस्तन प्राण्यांत आणि माणसांत जनुकीय ठशांचा केवढा पसारा उलगडला, हे सर्वांना माहीत आहे. त्याची सुरुवात कुंडीतल्या मातीत वाढणाऱ्या या माशीपासून झाली, आणि आपल्या अभ्यासक्रमात क्राउझ यांचे नाव नसते याचे मला वाईट वाटते.

एक्स टाकला जातो म्हणजे काय, तर विभाजनाच्या वेळी त्याच्या दोन जुळ्या पट्ट्या पूर्ण सुटत नाहीत. मध्य ओढला जातो, भुजा चिकटलेल्या राहतात आणि गुणसूत्र मध्यरेषेजवळ मागे पडते.

सायरातही फक्त जननपेशींत राहणारी गुणसूत्रे असतात का?

असतात, त्यांना एल म्हणतात. ती पाचव्या किंवा सहाव्या विभाजनात शरीरपेशींतून जातात. २०२२ मध्ये त्यांचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा ती जनुकांनी भरलेली निघाली. त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्यांतली जनुके सायराच्या स्वतःच्या गुणसूत्रांपेक्षा गादमाश्यांच्या जनुकांशी जवळची आहेत. संशोधकांनी काढलेला अर्थ असा: कोट्यवधी वर्षांपूर्वी दोन्ही कुळांच्या पूर्वजांत संकर झाला आणि त्यातून ही गुणसूत्रे सायराच्या वंशात येऊन राहिली.

अळीच पिल्लांना जन्म देते, असे ऐकले. शक्य आहे का?

शक्य आहे. हेटेरोपेझा, मायास्टर आणि मायकोफिला या बुरशीवर जगणाऱ्या गादमाश्यांत ते नेहमीचे आहे. रशियातल्या कझान येथील निकोलाय वाग्नर यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला हे पाहिले, तेव्हा अनेकांना ते खोटे वाटले. अळीच्या अंडाशयातली अंडी फलनाशिवाय वाढतात, तिच्या शरीरपोकळीत त्यांच्या अळ्या होतात, त्या आईला आतून खातात आणि कातडी फोडून बाहेर येतात. बुरशी भरपूर असेल तोवर हे चक्र काही दिवसांत पुन्हापुन्हा फिरते. अन्न आटले, गर्दी झाली की पंखांच्या माश्या तयार होतात.

हेटेरोपेझाच्या जननपेशींत ७७ गुणसूत्रे मोजली गेली आहेत. शरीरपेशींत मादीला १० आणि नराला ५.

डोके कुठे आणि शेपूट कुठे, हे या अंड्यात कसे ठरते?

फळमाशीत बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेश आई अंड्याच्या पुढच्या टोकाला ठेवते. भ्रूणाचा आराखडा उलगडणाऱ्या फळमाशीवरच्या कामाला १९९५ चे नोबेल मिळाले. डासांसारख्या दिसणाऱ्या, न चावणाऱ्या कायरोनॉमस माशीत बायकॉइडच नाही. तरी तिला डोके असते. २०१५ मध्ये शिकागोच्या गटाने दाखवले की तिथे हे काम पॅनिश नावाचे वेगळेच जनुक करते. ते बंद केले की भ्रूणाला दोन्ही बाजूंना पोटच येते. त्याच कुळातल्या स्मिट्टियाच्या अंड्यावर क्लाउस काल्टहॉफ यांनी पुढच्या टोकाला अतिनील किरण टाकून असेच दुहेरी पोटाचे भ्रूण कितीतरी आधी मिळवले होते.

माणसात असे होते का?

ठरवून अख्खी गुणसूत्रे टाकणे माणसाच्या भ्रूणात नाही. लाल रक्तपेशी पूर्ण केंद्रकच टाकते, पण ती शेवटची पायरी असते. झेब्रा फिंचसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांत मात्र फक्त जननपेशींत राहणारे गुणसूत्र आहे.

या माहितीचा ज्वारीच्या फवारणीला काही उपयोग?

थेट नाही. मिजमाशीची अळी फुलाच्या आत दडलेली असते आणि प्रौढ माशी जेमतेम एक-दोन दिवस जगते, त्यामुळे फवारणीची वेळ फुलोऱ्याशी जुळली नाही तर पैसे वाया जातात. गावाने एकाच सुमारास आणि वेळेवर पेरणी केली तर माशीला सलग फुलोरा मिळत नाही. हा उपाय अजूनही सर्वांत भरवशाचा. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत मिजप्रतिकारक वाणांवर बरेच काम झाले आहे; त्यांतल्या अनेकांच्या फुलांची तुसे आखूड आणि घट्ट मिटलेली असतात, मादीला अंडे घालायला फट सापडत नाही. औषध आणि मात्रा यासाठी कृषी विद्यापीठाची चालू वर्षाची शिफारसच पाहा.

आमच्या महाविद्यालयात महागडी साधने नाहीत. यातले काय पाहता येईल?

बरेच काही. सुरुवात कायरोनॉमसपासून करा. साचलेल्या पाण्याच्या हौदात, गटाराच्या गाळात तिच्या लालभडक अळ्या मिळतात. लाळग्रंथी काढा, ॲसिटोऑर्सिनमध्ये रंगवा, काचेखाली दाबा. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली चार जाडजूड पट्टेदार गुणसूत्रे दिसतील. पेशीत आठ असतात, पण जोड्या एकमेकींना चिकटून राहतात म्हणून चार दिसतात. मध्येच फुगलेला भाग म्हणजे बाल्बियानी यांचे वलय. तिथे जनुके जोरात कामाला लागलेली असतात. एद्वार बाल्बियानी यांनी ही गुणसूत्रे १८८१ मध्ये पाहिली होती.

भ्रूणासाठी ब्रॅडिसिया पाळणे सोपे. अगरवर थोडी अळिंबीची पूड, यीस्ट आणि बारीक केलेला पेंढा पुरतो. अंडी ताजी हवीत, कारण सगळे नाट्य पहिल्या काही तासांत संपते. अंड्याचे कवच सौम्य ब्लीचमध्ये काढा, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ॲसिटिक आम्ल यांत स्थिर करा, मग रंगवा. एकाच तासात घातलेल्या अंड्यांचा गट केला तर एका काचेवर विभाजनाच्या लागोपाठच्या पायऱ्या मिळतात.

वर्षाचा कोणता काळ चांगला?

श्रावणापासून थंडी संपेपर्यंत. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा वातानुकूलित खोलीशिवाय या माश्या टिकत नाहीत. शिवाय तापमान बदलले की भ्रूणवाढीचा वेग बदलतो, म्हणून प्रत्येक काचेवर तारखेबरोबर तापमानही लिहा.

पदव्युत्तर प्रकल्पासाठी एखादा प्रश्न सुचवा.

अळिंबीच्या शेडमधून किंवा रोपवाटिकेतून सायरिड माद्या पकडा. प्रत्येक फलित मादी वेगळ्या बाटलीत ठेवा आणि तिची पिल्ले प्रौढ झाली की नर-मादी मोजा. ब्रॅडिसिया कोप्रोफिलात एका आईची सगळी पिल्ले एकाच लिंगाची निघतात, ब्रॅडिसिया ओसेलारिसमध्ये मिश्र. आपल्या बाटल्यांत कोणता नमुना निघतो ते जातीच्या अचूक ओळखीसह नोंदवा. ओळखीसाठी नराच्या पोटाच्या टोकाची काच करावी लागते, म्हणून मोजून झालेल्या माश्या फेकू नका. ७० टक्के अल्कोहोलमध्ये, बाटलीचा क्रमांक आणि गावाचे नाव लिहून ठेवा.